थ्रिलरचा पहिला सीन आधी संगीताशिवाय कापा

थ्रिलरची सुरुवात एडिट करायला बसलं की पहिल्या तासातच टाइमलाइनवर टेम्प म्युझिक, म्हणजे खरं संगीत येईपर्यंतचं तात्पुरतं संगीत, टाकायचा मोह होतो. टाकू नका. या एका सवयीपायी महिने वाया जातात, आणि जाताना कळतही नाही.

खाली घुमणारा बेस आणि राइझर, म्हणजे ताण वाढवत चढत जाणारा आवाज, असला की रिकामा जिनासुद्धा भीतीदायक वाटतो. मग इन्सर्ट (एखाद्या वस्तूचा जवळून घेतलेला शॉट) फार छोटा पडलाय, पात्र दारापर्यंत उगाच लवकर पोचलंय, हे दिसतच नाही. तोच ट्रॅक दहा वेळा ऐकला की कटही त्याच्याच ठेक्यावर पडायला लागतात. पुढे संगीतकार वेगळं काही देतो आणि सीन कोसळतो. खापर त्याच्यावर फुटतं, चूक एडिटची असते. फुकटात मिळणारे 'सस्पेन्स साउंड'चे पॅक तर डाउनलोडच करू नका.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल'ची (1958) सुरुवात दोन्ही आवृत्त्यांत पाहा. टायमर लावलेला बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो आणि स्फोट होईपर्यंत, तीन मिनिटांहून जास्त, एकही कट नाही. गाडी गर्दीत अडकते, पायी चाललेलं एक जोडपं तिच्या आगेमागे होत राहतं. बॉम्ब पुन्हा दिसत नाही. मूळ आवृत्तीत या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्चिनीचं संगीत होतं. वेल्सच्या 58 पानी टिपणावरून एडिटर वॉल्टर मर्चने 1998 मध्ये केलेल्या आवृत्तीत ते दोन्ही काढून रस्त्यावरच्या क्लबांतलं आणि गाडीच्या रेडिओतलं संगीत ठेवलं. आता रेडिओ जवळ आला की बॉम्ब जवळ आला, हे कानालाच कळतं.

आपल्या दोन मिनिटांच्या सीनलाही हेच लागू होतं. समजा, शेगडीची गॅसनळी निसटलीय, आजी आत झोपलीय आणि नातू जिना चढतोय. नळी पहिल्या वीस सेकंदांतच दाखवा. एका सेकंदाचा इन्सर्ट नजरेतून सुटतो, तीन-चार सेकंद द्या. गॅसची फुसफुस मात्र सलग ठेवू नका, कान लगेच सरावतो. शेजारचा टीव्ही मोठ्याने चालू द्या. कुणीतरी तिकडचं दार लावतं, टीव्ही दबतो, तेव्हा फुसफुस ऐकू येऊ द्या. नातवाला वास कसा आला नाही, हे प्रेक्षक विचारणारच. त्याला जिन्यातच दोनदा शिंकायला लावा.

शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून, पंखा बंद करून, त्याच खोलीचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, रेकॉर्ड करा. तो नसेल तर शांततेच्या जागी आवाज पार मरतो आणि लोकांना स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं.

पहिला कट संगीताविना भिकार दिसेल. सगळ्यांचाच दिसतो, घाबरू नका. 'कट फास्ट कर' एवढंच सांगणाऱ्या सीनियरला नेमका कितव्या सेकंदाला कंटाळा आला ते विचारा. तिथे बहुतेक वेळा वेग कमी नसतो, अडथळा कमी असतो.

म्हणजे नातवाचं बोट बेलच्या बटणाकडे जातं. एक ठिणगी पुरे. तेवढ्यात फोन वाजतो, बोट मागे येतं. फोन ठेवताना खिशात किल्ली लागते, आता बेल नको. इथे चार सेकंद सुटकेचे द्या, ते कापू नका. दार उघडतं. आत अंधार. त्याचा हात सवयीने स्विचबोर्डाकडे जातो, आणि संगीत हवंच असेल तर ते पहिल्यांदा इथून.