वेबपान सेव्ह करताय, वर्डमध्ये चिकटवताय? या चुका टाळा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावल्यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "फाईल तर आहे, पण फोटो दिसून नाही राहिले." बिघाड पेनड्राइव्हमध्ये नसतो. घरी क्रोममध्ये कंट्रोल+एस दाबून 'वेबपेज, कम्प्लीट' निवडलं, तेव्हाच दोन गोष्टी तयार झालेल्या असतात: एक एचटीएमएल फाईल आणि तिच्याच नावाचं, शेवटी 'फाइल्स' जोडलेलं फोल्डर. चित्रं आणि पानाची मांडणी त्या फोल्डरात असते. पेनड्राइव्हवर फाईल एकटीच आली. फोल्डरचं नाव बदललं तरी हेच होतं, कारण फाईल जुन्याच नावाने चित्रं शोधत राहते.

सेव्ह करताना खालच्या 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'वेबपेज, सिंगल फाईल' निवडा. क्रोम आणि एज दोन्हींत हा पर्याय आहे आणि सगळं एकाच एमएचटीएमएल फाईलमध्ये बसतं. फायरफॉक्समध्ये तो नाही, तिथे फाईल आणि फोल्डर मिळून झिप करा किंवा पीडीएफ काढा. एमएचटीएमएलचा आणखी एक फायदा म्हणजे ती उघडताना पानातल्या स्क्रिप्ट पुन्हा चालत नाहीत. 'कम्प्लीट'मध्ये त्या चालतात, सर्व्हर शोधतात, आणि काल नीट दिसलेल्या पानाच्या जागी नुसतं गोल फिरणारं चिन्ह उरतं.

सेव्ह करण्याआधी पान सावकाश तळापर्यंत सरकवा. बऱ्याच साइटवर चित्र तुम्ही तिथे पोहोचल्यावरच लोड होतं, त्यामुळे न पाहिलेल्या चित्राच्या जागी करडा चौकोन सेव्ह होतो. 'पुढे वाचा'खाली दुमडलेला मजकूरही आधी उघडून घ्या. आणि नाव छोटं द्या. बातमीचा अख्खा मथळा फाईलचं नाव झाला आणि ती चार फोल्डरांच्या आत ठेवली, की विंडोजची पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडली जाते, मग कॉपी करताना किंवा झिप उघडताना एरर येते.

छापायचंच असेल तर कंट्रोल+पी, 'सेव्ह ॲज पीडीएफ'. 'मोर सेटिंग्ज'मध्ये दोन खुणा पाहा. 'हेडर्स अँड फूटर्स' चालू असेल तर प्रत्येक पानावर पत्ता आणि तारीख येते. 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' बंद असेल तर गडद पट्टीवरची पांढरी अक्षरं कागदावर गायब होऊ शकतात.

पीडीएफमधून मराठी उचलू नका

प्रोजेक्ट रिपोर्ट करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पान पीडीएफ केलं आणि मग त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला, की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जातात, जोडाक्षरं फुटतात, रफार हरवतो. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या कागदावरच्या जागेप्रमाणे ठेवते. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण टाइप होते नंतर, आणि कॉपी करताना तो क्रम बिघडतो. मूळ पान उघडं असेल तर मजकूर तिथूनच घ्या. पीडीएफ फक्त दाखवायला.

मराठीचा दुसरा जुना दुखरा भाग म्हणजे कृतिदेवसारखे फॉन्ट. जुन्या पानावर मराठी व्यवस्थित दिसतं, वर्डमध्ये चिकटवलं की रोमन अक्षरांचा कचरा पडतो. त्या पानात मराठी अक्षरं नव्हतीच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या. अशा मजकुराला आधी युनिकोड (मराठी अक्षरं संगणकात साठवायची आजची प्रमाण पद्धत) कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्य' असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. उलट प्रयोगही होतो: युनिकोड मजकूर निवडून त्याला कृतिदेव लावायचा. त्याने काहीच होत नाही. त्या फॉन्टमध्ये युनिकोडची देवनागरी नसल्याने विंडोज गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतं.

आणि हे खास आपल्या विदर्भातल्यांसाठी: चिकटवलेल्या मजकुरात 'वऱ्हाड' शोधा. समोर चार ठिकाणी दिसतो आणि वर्ड म्हणतं, सापडला नाही. 'ऱ्ह'मधला आडवा र दोन पद्धतींनी लिहिता येतो: वेगळं 'ऱ' अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. मजकुरातलाच शब्द कॉपी करून 'फाइंड'मध्ये टाका, 'रिप्लेस'मध्ये तुमच्या कीबोर्डने टाइप केलेला ठेवा आणि सगळे एकदम बदला.

चिकटवताना

वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत साधं कंट्रोल+व्ही केलं की साइटचा फॉन्ट, रंग, मागची छटा, सगळं सोबत येतं. चिकटवल्यावर कोपऱ्यात छोटं चिन्ह दिसतं. कंट्रोल एकदा दाबून सोडा, मग 'एम' दाबलं की मजकूर तुमच्या फाईलच्या फॉन्टमध्ये येतो आणि ओळीतला ठळक-तिरपा शब्द तसाच राहतो. 'टी'ने नुसता मजकूर येतो, पण तक्त्याच्या चौकटीही जातात. बहुतेक कामांना 'एम' बरा.

तरी ओळी विचित्र ताणलेल्या दिसतात? परिच्छेदाच्या खुणा चालू करा. ओळीच्या शेवटी वाकडा बाण असेल तर तो परिच्छेद नव्हे, नुसता ओळ-तोड आहे. दोन्ही बाजू जुळवलेल्या मजकुरात वर्ड ती अर्धवट ओळही कडेपर्यंत ओढतं. कंट्रोल+एच उघडा, वर ^ आणि त्याला लागून लहान एल, खाली ^ आणि लहान पी, मग 'रिप्लेस ऑल'.

मजकूर निवडून आकार बदलला तरी देवनागरी हलत नाही, तेव्हा कंट्रोल+डी. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' हा वेगळा भाग असतो, मराठीचा फॉन्ट आणि आकार त्याच्या ताब्यात. तो भाग दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा.

दुकानातल्या संगणकावर चित्राच्या जागी लाल फुली दिसली, तर चित्र फाईलमध्ये नव्हतंच, फक्त साइटची लिंक होती. घरी, नेट चालू असताना, 'फाईल', 'इन्फो', 'एडिट लिंक्स टू फाइल्स'मध्ये जाऊन 'ब्रेक लिंक' करा.

तक्ते

कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावांचा तक्ता एक्सेलमध्ये आणला आणि बेरीज शून्य आली, तर आकड्यांना न तुटणारी मोकळी जागा चिकटलेली असू शकते. 'फाइंड'मध्ये ऑल्ट दाबून ठेवून नंबर पॅडवर ०१६० टाइप करा, 'रिप्लेस' रिकामं ठेवा. '१-२' असं काही इंग्रजी अंकांत असेल तर त्याची तारीख होते, आणि लांबलचक खाते क्रमांकाचे १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात. म्हणून असे रकाने आधी 'टेक्स्ट' करा, मगच चिकटवा, आणि चिकटवताना 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' निवडा.

सातबाऱ्याबद्दल एवढंच: डिजिटल सहीचा उतारा डाउनलोड केलेल्या मूळ पीडीएफमध्येच ठेवा. ती उघडून पुन्हा कंट्रोल+पीने पीडीएफ काढली की सहीचं नुसतं चित्र उरतं, पडताळता येणारी सही जाते.

सेव्ह केलेलं पान कुठलं होतं, हे सहा महिन्यांनी संदर्भ देताना आठवत नसेल तर ती एचटीएमएल फाईल नोटपॅडमध्ये उघडा. क्रोम अगदी वरच्या ओळींत मूळ पत्ता लिहून ठेवतं. एमएचटीएमएलमध्ये पत्त्यासोबत तारीखही असते.