मुंबईच्या थंडीत बरसीम लावताय? मग या चुका टाळा

बदलापूर, कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा या पट्ट्यात मुंबईकरांनी घेतलेल्या जागा आता खूप झाल्यात, कोणाची दहा-वीस गुंठे, कोणाचा एकर, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी चार-पाच शेळ्या नाहीतर एखादी गाय पाळलेली असते. पावसाळ्यात चाऱ्याची चिंताच नसते, गवत इतकं माजतं की कापायला माणूस मिळत नाही, पण दिवाळी झाली की माळ पिवळा पडायला लागतो आणि मग पुढे पावसापर्यंत जनावरांच्या पुढ्यात नुसता पेंढा. अशा वेळी कोणीतरी सांगतं, अरे बरसीम लाव. सल्ला एकदम बरोबर आहे. बरसीम हे क्लोव्हरच्याच (तीन-तीन पानांच्या द्विदल चाऱ्याच्या) कुळातलं पीक, मऊ, जनावरं आवडीने खातात, आणि कोवळं असताना सुक्या वजनाच्या हिशोबाने १७ ते २० टक्के प्रथिनं. पण हे पीक मूळचं इजिप्तचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सिंधमध्ये आलं (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता) आणि तिथून पंजाब, उत्तर प्रदेशात पसरलं, जिथे थंडी लांबलचक चालते. आपल्याकडे त्याला मिळतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ. बहुतेकांचं बरसीम फसतं ते हा काळ किती छोटा आहे हे लक्षात न घेतल्यामुळे.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून पेरणी करणं

क्लोव्हर म्हणून शोधलं की पहिले दहा व्हिडिओ अमेरिकेतले येतात. तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी जंगलाच्या कडेला क्लोव्हरचे प्लॉट करतात, हरणांना थंडीत खायला मिळावं म्हणून आणि शिकार सोपी जावी म्हणूनही. ते लावतात पांढरं क्लोव्हर, जे एकदा लावलं की काही वर्षं टिकतं, आणि पेरतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाहीतर थेट फेब्रुवारीत गोठलेल्या जमिनीवर बी फेकून. त्यांच्या हवामानाला ते अगदी योग्य आहे. आपल्याकडे ऑगस्टमध्ये बी टाकलंत तर पहिल्याच जोराच्या सरीत ते ओढ्याला लागेल. पांढरं आणि लाल क्लोव्हर आपल्या देशात हिमाचल, काश्मीर, निलगिरी अशा थंड डोंगराळ भागात चालतं, कोकणपट्टीत त्याच्या नादाला लागू नका. आपल्यासाठी बरसीम, म्हणजे वरदान किंवा मेस्कावी ही वाणं, किंवा लसूणघास (ल्यूसर्न). लसूणघास देशावर तीन-चार वर्षं उभा राहतो, राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ वाण त्यासाठीच प्रसिद्ध आहे, पण आपल्या पावसात पाणी साचून त्याची मुळं कुजतात, त्यामुळे इथे तोही एका हिवाळ्याचंच पीक समजायचा.

आणि व्हिडिओवरूनच आलेली दुसरी कल्पना, की आपणही हरणांसाठी प्लॉट करू. येऊरला, तानसा अभयारण्याच्या बाजूला, तुंगारेश्वरच्या पायथ्याला ज्यांची जागा आहे त्यांना चितळ-सांबर बघायची हौस असते, ती मी समजू शकतो, पण प्लीज हे करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी चितळाला वस्तीजवळ यायची सवय लागली की त्याच्या मागे गावातली कुत्री लागतात आणि बिबट्याही येतो. मग गोठ्यातली शेळी जाते आणि सगळा राग बिबट्यावर निघतो. जंगलाला लागून जागा असेल तर बरसीमच्या वाफ्याला नीट जाळीचं कुंपण करा. तारेत थेट वीज सोडायची तर कल्पनाही नको, त्यात हरीणही मरतं आणि माणूसही.

ऑक्टोबरमधली घाई

भात कापून खाचर मोकळं झालं की हात शिवशिवतात. पण ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी पारा ३४-३५ ला असतो आणि बरसीमला उगवायला २०-२५ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. लवकर पेरलेलं उगवतं, पण विरळ, आणि उगवलेलं कोवळं रोप दुपारच्या उन्हात करपतं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपला, पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटायला लागली की पेरा. उलट डिसेंबरपर्यंत थांबलात तर एक अख्खी कापणी गेली. हिशोब सोपा आहे: १० नोव्हेंबरला पेरलं तर पहिली कापणी साधारण ५० दिवसांनी, म्हणजे डिसेंबरअखेर, पुढची जानेवारीअखेर, तिसरी फेब्रुवारीअखेर, आणि नशिबाने ऊन उशिरा तापलं तर मार्चमध्ये चौथी. पंजाबात पाच-सहा कापण्या होतात म्हणून आपल्याकडेही होतील असं धरून शेळ्या वाढवू नका.

बियाण्याकडे दुर्लक्ष, ही सगळ्यात मोठी चूक

बरसीमच्या बियाण्यात कासनी (चिकोरी) या तणाचं बी मिसळलेलं असतं. दिसायला फरक फारसा कळत नाही, उगवल्यावर मात्र रुंद पानं आणि पुढे निळी फुलं दिसायला लागतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. उपाय पाच मिनिटांचा आहे, १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवा, बी त्यात टाका, ढवळा, कासनी आणि पोचट बी वर तरंगतं ते गाळून फेका, खाली राहिलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या. धुणं विसरायचं नाही, मीठ राहिलं तर उगवण मार खाते. लसूणघासाच्या बियाण्यात धोका वेगळा, तिथे अमरवेल येते. शेतात पिवळ्या दोऱ्यांसारखं जाळं दिसलं की तेवढा तुकडा घासासकट कापून बाहेर नेऊन जाळायचा, नुसत्या वेली ओढत बसलात तर तुटलेला प्रत्येक तुकडा परत धरतो.

आता जिवाणू खत, म्हणजे रायझोबियम कल्चर, मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू. इथे बहुतेक लोक गंडतात, आणि दोष त्यांचा एकट्याचा नाही, दुकानात कल्चर मागितलं की हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं पाकीट हातात देतात. ते बरसीमला चालत नाही. बरसीमचे जिवाणू वेगळे, लसूणघासाचे वेगळे, पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या. ज्या जमिनीत आधी कधी बरसीम झालेलंच नाही तिथे हे जिवाणू मातीत नसतातच, आणि आपल्या भाताच्या खाचरांची तीच गत आहे. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं, गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पेरायचं. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला लगेच कल्चर चोळलं तर जिवाणू मरतात. अजून एक, कल्याणला शनिवारी सकाळी कल्चर घेऊन दिवसभर गाडीत उन्हात ठेवलंत तर संध्याकाळी तुम्ही फक्त काळी पावडर पेरताय. बरसीमचं कल्चर मिळालंच नाही तर ज्याच्याकडे आधीपासून बरसीम चांगलं येतं त्याच्या शेतातली वरची ओलसर माती थोडी आणून बियाण्यात आणि वाफ्यात मिसळा, ही जुनी पद्धत आहे आणि चालते.

कल्चर लागलं की नाही हे बघायचं असेल तर पेरणीनंतर चार-पाच आठवड्यांनी एक रोप ओढून काढू नका, खुरप्याने मातीसकट उचला, मूळ बादलीभर पाण्यात हलकेच हलवून माती सोडवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठीच नसतील आणि पानं फिकट पिवळी पडत असतील तर त्या हंगामापुरतं थोडं युरिया देऊन पीक ओढा आणि पुढच्या वर्षी कल्चर नीट लावा. पण गाठी चांगल्या असताना दर कापणीनंतर युरिया मारणं ही चूक आहे, नत्र वरून मिळालं की झाड गाठी करायचंच सोडून देतं.

पेरणी खोल करू नका. बी खूप बारीक असतं, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या खाली गेलं की वर येत नाही. गुंठ्याला २५० ते ३०० ग्रॅम बी पुरे, बारीक वाळूत मिसळून फेकलं की सारखं पडतं.

माती न तपासता खत

आपल्याकडची तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि बरसीमला, त्याहूनही जास्त लसूणघासाला, ती मानवत नाही, सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या मध्ये हवा. माती तपासून घ्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची केंद्रं आहेत, कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. चुना टाकायचा तर रिपोर्टमध्ये लिहिलेल्या मापानेच आणि पेरणीच्या काही आठवडे आधी, अंदाजपंचे नाही. या पिकाला खरी भूक स्फुरदाची (फॉस्फरसची), गुंठ्याला साधारण ५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीच्या वेळीच मातीत मिसळा. माती फारच आम्ल असेल आणि चुन्याचा खर्च झेपत नसेल तर हट्ट सोडा, स्टायलो किंवा दशरथ घास ही दुसरी द्विदल चाऱ्याची पिकं लावा, नाहीतर भातानंतर चवळी करा.

फक्त रविवारी पाणी

मुंबईत राहून शेती करणाऱ्यांची ही खरी अडचण. पेरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बरसीमला चार-सहा दिवसांनी हलकं पाणी लागतंच, पुढे थंडीत दहा-बारा दिवसांनी चालतं. रविवार ते रविवार ठेवलंत तर वरचा थर सुकून पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच अडकतात. गावातल्या कोणाला तरी सांगा, टायमरवाले स्प्रिंकलर बसवा, काहीही करा, पण हा महिना सांभाळा. आणि उलट बाजूने, रविवारी आलोय तर भरपूर देऊ म्हणून खाचर तुडुंब भरू नका, भाताच्या चिखलणीमुळे खाली कडक थर झालेला असतो, पाणी मुरत नाही आणि गोल गोल चट्ट्यांमध्ये पीक पिवळं पडून बसतं. वाफे सपाट करा आणि जादा पाण्याला वाट ठेवा.

कापणी

जमिनीपासून दोन-तीन बोटं ठेवून कापा, फुटवे तिथूनच येतात, पार मातीला टेकवून विळा चालवला की पुढची कापणी अर्धी होते. फुलं यायची वाट बघू नका, दांडा जून होतो. शेळ्यांना थेट वाफ्यात सोडू नका.

उपाशी जनावराला कोवळं, ओलं बरसीम

वरच्या सगळ्या चुकांनी पीक जातं, या चुकीने जनावर जातं. शनिवारी संध्याकाळी पोचलो, शेळ्या ओरडतायत, म्हणून दव पडलेलं किंवा नुकतं पाणी दिलेलं कोवळं बरसीम भाराभर पुढ्यात टाकलं की पोटफुगी होऊ शकते. कोवळ्या द्विदल चाऱ्याने पोटात फेस होतो, त्यात गॅस अडकतो आणि ढेकर देऊन बाहेर येत नाही. डावी कूस फुगते, वर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येतो, जनावर ऊठबस करतं, पोटाकडे वळून बघतं, तोंडाने श्वास घ्यायला लागतं. इथून पुढे वेळ फार कमी असतो. जनावर उभं ठेवा, पुढचे पाय उंचावर येतील असं चढावर उभं करा, चारा काढून घ्या आणि ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. घाबरून जबरदस्तीने तेल पाजताना ते फुफ्फुसात गेलं तर दुसरंच संकट, त्यामुळे किती आणि कसं पाजायचं ते डॉक्टरला फोनवरच विचारा. नंबर आधीपासून गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा, रात्री रेंज शोधत फिरायची वेळ येऊ नये.

टाळायला सोपं आहे. आधी पेंढा खाऊ द्या, मग बरसीम. कापल्यावर तीन-चार तास सावलीत पसरून कोमेजू द्या. पहिले आठ-दहा दिवस अगदी थोडं, मग हळूहळू वाढवा, आणि एकूण हिरव्या चाऱ्यात ते निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. बरसीमबरोबर थोडा ओट पेरला, केंट वाण सहज मिळतं, तर पहिली कापणी भरते आणि चारा आपोआप मिसळलेला मिळतो, मला तरी हा सगळ्यात चांगला उपाय वाटतो. गोठा सांभाळणाऱ्या माणसाला हे सगळं समोर बसवून समजावून सांगा, कारण आठवड्यातले सहा दिवस चारा तोच टाकणार आहे.

मार्चमध्ये ऊन तापलं की वाढ थांबते, मग पाणी वाया घालवू नका. आपल्या उन्हात घरचं बी धरायच्या भानगडीतही पडू नका, शेवटची कापणी घ्या आणि मुळं जमिनीतच राहू द्या, जूनमध्ये त्याच खाचरात भात लावाल तेव्हा युरिया थोडा कमी टाकून बघा.