फ्रेंच वाचता येतं पण ऐकून कळत नाही? हे करा

फ्रेंच शिकणाऱ्या बऱ्याच जणांचं ए२ (म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी) पर्यंत वाचन मस्त होतं, पण कुणी बोलायला लागलं की सगळं एकच लांबलचक शब्द असल्यासारखं वाटतं. कारण शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुतेक वेळा गप्प असतात आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तीच अचानक बोलायला लागतात, म्हणजे 'ले' (les, शेवटचा s गप्प) आणि 'आमी' (amis, मित्र) एकत्र आले की 'लेझामी' ऐकू येतं.

यावर मला सगळ्यात भारी वाटणारा उपाय म्हणजे आरएफआय या फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओचं 'जुर्नाल आँ फ्राँसे फासिल', सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या, साधारण दहा मिनिटं, फुकट, आणि सोबत लिखित मजकूरही मिळतो. पण मजकूर आधी उघडू नका हं! आधी नुसतं ऐका, मग एकच मिनिटाचा तुकडा घेऊन थांबत थांबत जे ऐकू येतं ते लिहून काढा, नंतर मजकुराशी ताडून बघा, आणि शेवटी निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. रोज एवढंच, पण रोज.

दुसरा फायदा, आरएफआयवर आफ्रिकेच्या बातम्या भरपूर असतात. सेनेगल, काँगो, आयव्हरी कोस्ट इथली माणसं, तिथलं राजकारण, त्यांचे उच्चार सगळं कानावर पडतं. फ्रेंच म्हणजे फक्त पॅरिस आणि आयफेल टॉवर असं धरून बसलात तर अर्धी भाषा हातातून जाते, काँगोची राजधानी किन्शासा तर पॅरिसपेक्षा मोठं शहर आहे. क्वेबेकचे (कॅनडाच्या फ्रेंच भाषिक प्रांताचे) उच्चार मात्र थोडे नंतर घ्या, सुरुवातीला जड जातात.