मागीलदारी दोन खोल्या काढण्याआधी

दापोली-गुहागरकडच्या शंभरेक वर्षांच्या चिरेबंदी घरामागे दोन खोल्या काढायच्या म्हटलं की सगळे प्लॅन काढायला धावतात. त्याआधी सातबारा काढा. जुनी घरं बहुतेक सामाईक. पणजोबांच्या नावाखाली दहा-बारा नावं चढलेली, त्यातली निम्मी मुंबईत. सगळ्यांची लेखी संमती घ्या, तीही गणपतीत, कारण सगळे हिस्सेदार एका ओटीवर सापडतात ते तेव्हाच. "बांध रे, कोण विचारतंय" एवढ्यावर जोतं घालू नका. ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढा, जागा गावठाणात की शेतीच्या गटात ते बघा, आणि समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचीही चौकशी करा.

कागद फिरताहेत तोवर जुनं घर मोजून घ्या. जोत्याची उंची, छपराचा उतार, पडवीची वळचण जमिनीपासून किती, खिडक्यांची उंची-रुंदी. यातला छपराचा उतार सर्वांत महत्त्वाचा. तो जुळला तर बाकी थोडं इकडेतिकडे झालेलं डोळ्याला खुपत नाही. नक्षीच्या खांबांची, महिरपींची नक्कल मात्र करू नका. नवं घर जुन्याचं जुळं नको, धाकटं भावंड हवं. आढं मोठ्या घराच्या आढ्याहून खाली, जोतं एखाद्या पायरीने कमी, आणि मागच्या पडवीतून बघितलं तर आधी फणस-पोफळी दिसाव्यात, मग छप्पर. त्यासाठी झाड तोडायची वेळ येत असेल तर खोलीच चार फूट सरकवा.

जागा ठरवण्याआधी जमलं तर एक पावसाळा जाऊ द्या. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि परसातलं पाणी कसं वाहतं ते एप्रिलात कळत नाही. जुलैत छत्री घेऊन मागे उभे राहा. गडग्याखालून, म्हणजे दगडी कुंपणाखालून, पाणी कुठे शिरतं, कुठे तुंबतं, तिथे तिथे खुंट्या मारा. जुन्या छपराच्या पागोळ्या नव्या भिंतीवर येता कामा नयेत. दोन्ही वळचणींमध्ये माणूस सहज जाईल एवढी जागा ठेवा, नाहीतर कौलं शाकारायला शिडी लावणार कुठे? सांडपाण्याच्या शोषखड्ड्याची जागाही आत्ताच ठरवा. इथला जांभा दगड सच्छिद्र, पाणी त्यातून बघता बघता झिरपतं. म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा नकोच. उताराच्या खालच्या बाजूला, निदान १५ मीटर लांब. शेजाऱ्याची विहीरही यात मोजा.

जांभ्याचा चिरा फोनवर मागवू नका, खाणीवर जा. ताजा चिरा मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे गोळे दिसले तर तो बाजूला काढायला सांगा. पावसात माती धुपते आणि भिंतीला भोकं पडतात. आजचा चिरा मशीनवर कापलेला, कडा सरळ. जुना हाताने तासलेला. तेव्हा भिंती हुबेहूब दिसणार नाहीत, आणि न दिसल्या तरी काही बिघडत नाही. नव्या भिंतीला बाहेरून गिलावा नको, नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरा. गवंडी हमखास म्हणेल, "माल भिजवलाच आहे तर जुन्या भिंतीलाही सिमेंट मारून टाकू." मारू देऊ नका. चुन्यात बांधलेल्या भिंतीत ओल कोंडते आणि आतला रंग पापुद्र्यांनी सुटतो.

कौलांसाठी मोडलेल्या घरांची चौकशी करा. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर अशी कौलं बनवणारे अनेक झाले. प्रत्येकाचा छाप वेगळा आणि खाचही थोडी वेगळी. उलटून छाप बघा आणि एका छपराला एकाच छापाची कौलं घ्या. मिसळलेली नीट बसत नाहीत, पहिल्याच पावसात गळतात. वानरांचा उपद्रव असेल तर खाली पत्रा, वर कौलं, असं करा. दिसायला कौलारूच, आणि चार कौलं फुटली तरी अंथरूण भिजत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत छपरं उडाली, हे विसरू नका. वासे भिंतीवर नुसते टेकवायचे नाहीत. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात बोल्टने धरायचे. वाळवीचं औषध जोत्याचा भराव घालतानाच मारतात, तेव्हा गवंड्याला दोन दिवस आधी आठवण करा.

काम दिवाळीनंतर लगेच धरा. शिमग्यात गडी पालखीमागे असणार, ते दिवस हिशेबात धरूच नका. लाकूड-पत्रा मार्चआधी घरात आणून ठेवा. मे महिन्यात सुतार आणि ट्रक दोन्ही मिळत नाहीत, आणि कौलं तर मृगाआधी चढायला हवीत.