नुकत्याच व्यालेल्या गायीची धार

गाय व्याली की घरात आधी खरवसाची आठवण होते. पण पहिला चीक वासराचा. तासाभरात त्याच्या पोटात गेला पाहिजे, कारण रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे २० किलोच्या वासराला २ लिटर, दोन-तीन वेळा विभागून पाजा. उरला तर खरवस करा की!

देवणी असो की लाल कंधारी, देशी गाय वासराने सडाला तोंड लावल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. वासराला चारही सड थोडे चोखू द्या, मग गायीच्या पुढ्यात बांधा. ती त्याला चाटत राहते. सड कोमट पाण्याने धुऊन कोरडे पुसा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या कापडावर घ्या. गुठळ्या किंवा रक्त दिसलं तर डॉक्टरांना बोलवा. अंगठा मुडपून पिळायची आपल्याकडची खोड सोडा, सड दुखावतात; पूर्ण मुठीने काढा. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो, तेव्हा धार काढताना गप्पा नकोत. पान्ह्यासाठी इंजेक्शन तर नकोच.

जास्त दुधाच्या संकरित गायीची कास पहिले दोन-तीन दिवस पूर्ण रिकामी करू नका. कान गार पडले, गाय मान कुशीकडे वळवून बसली, तर तो दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटलं. डॉक्टरांना लगेच बोलवा, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं.

धारेनंतर लगेच कडबा टाका. अर्धा तास ती उभी राहिली पाहिजे, सडाची तोंडं तेवढा वेळ उघडी असतात.