मॉडबस ड्रायव्हर लावताना: ‘गुड’ दिसणे आणि आकडा बरोबर असणे

गोव्यात फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा पणजीच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडून वेर्णा, कुंडई वा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत ऑटोमेशनच्या कामाला लागणाऱ्यांच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा एकच काम येते: वेगवेगळ्या कंपन्यांचे एनर्जी मीटर, तापमान नियंत्रक आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी उपकरणे) ओपीसी सर्व्हरला, म्हणजे उपकरणांचे आकडे गोळा करून पुढे देणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडून त्यांचे आकडे स्काडाच्या, म्हणजे कारखान्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीच्या, पडद्यावर आणणे. ही उपकरणे बहुतेक वेळा मॉडबसवरच बोलतात. मोडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या पीएलसींसाठी (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकांसाठी) काढलेला हा प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची नियमावली, इतका साधा आहे की नवख्याला तो एका दुपारी समजतो, आणि मग सर्व्हरमध्ये ड्रायव्हर (उपकरणाशी मॉडबसमध्ये बोलणारा भाग) निवडून चॅनेल (लाइन), डिव्हाइस (उपकरण) आणि टॅग (वाचायच्या एकेका आकड्याचे नाव) तयार करून टॅगसमोर ‘गुड’ दिसले की काम झाले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ‘गुड’चा अर्थ उपकरणाकडून वेळेत उत्तर आले, एवढाच असतो, आलेला आकडा खरा आहे की नाही याची हमी सर्व्हर देत नाही.

म्हणून सर्व्हर उघडण्याआधी लॅपटॉप आणि यूएसबी-४८५ कन्व्हर्टर (लॅपटॉपला मीटरच्या आरएस-४८५ सीरियल लाइनशी जोडणारा) घेऊन थेट पॅनेलपाशी जावे, एकाच मीटरला जोडावे आणि साध्या पोलिंग सॉफ्टवेअरने त्याचे व्होल्टेज वाचून मीटरच्या डिस्प्लेशी ताडून पाहावे. बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट आणि १ ते २४७ मधला स्लेव्ह आयडी (लाइनवरचा उपकरणाचा क्रमांक) या चार गोष्टी इथेच पक्क्या कराव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि दुपारपर्यंत चालणारी लाइन संध्याकाळी तुटक होते. त्यामुळे स्क्रू आवळणे, केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत का ते पाहणे आणि व्हीएफडीच्या पॉवर केबलपासून ही केबल दूर ठेवणे हेही ड्रायव्हर लावण्याचेच काम मानावे.

खरी गंमत रजिस्टरच्या, म्हणजे उपकरणातल्या आकडा ठेवण्याच्या १६ बिटांच्या कप्प्याच्या, पत्त्यात आहे. मॅन्युअलमध्ये ४०१०१ असे छापलेले असते, पण तारेवरून प्रत्यक्ष जातो तो पत्ता १००, कारण आरंभीचा ४ हा होल्डिंग रजिस्टरची (वाचता आणि लिहिता येणाऱ्या प्रकाराची) खूण असतो आणि प्रोटोकॉलमधली मोजणी शून्यापासून सुरू होते. काही ड्रायव्हर हे एक स्वतः वजा करतात, काहींमध्ये त्यासाठी वेगळी सेटिंग असते. त्यात व्होल्टेजसारखा फ्लोट (दशांश) आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो. समजा आर फेजवर २३०.४ व्होल्ट आहेत. तर पहिल्या रजिस्टरमध्ये १७२५४ आणि दुसऱ्यात २६२१४ दिसेल. वर्ड ऑर्डर, म्हणजे या दोन रजिस्टरांचा क्रम, उलटी लागली तर पडद्यावर चोवीस अंकी राक्षसी आकडा येतो, आणि टॅगसमोर ‘गुड’ तसाच राहतो. पुढच्याच जोडीत वाय फेजचे तेवढेच व्होल्टेज असेल, तर पत्ता एकाने पुढे सरकल्यावरही नेमका हाच आकडा येतो. नवखे इथे दोन्ही सेटिंग आळीपाळीने बदलत बसतात. त्यापेक्षा टॅगचा डेटा टाइप तात्पुरता वर्ड (एकाच रजिस्टरचा आकडा) करून कच्चे आकडे पाहावेत: पहिल्या रजिस्टरमध्ये २६२१४ आला, तर त्याच्या आधीचे रजिस्टर वाचावे. तिथे १७२५४ मिळाला तर पत्ता चुकला आहे. तिथे भलतेच काही किंवा अपवाद कोड ०२ (असा पत्ताच नाही) मिळाला तर वर्ड ऑर्डर उलटी आहे.

यानंतर वेळेचे गणित येते. ९६०० बॉडवर दहा रजिस्टरांची विचारणा आणि उत्तर मिळून साधारण ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका लाइनवर वीस मीटर असले तरी सगळे सेकंदाभरात वाचून होतील असे कागदावर दिसते. उपकरणाचा स्वतःचा विलंब मात्र त्यात धरलेला नसतो. शिवाय सीरियल लाइनवर एका वेळी एकालाच विचारता येते. टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) १ सेकंद आणि प्रयत्न तीन ठेवले असतील आणि कुणी देखभालीसाठी एक मीटर बंद केला असेल, तर प्रत्येक फेरीत सगळी लाइन तीन सेकंद थांबते, आणि तक्रार येते ती चालू असलेल्या मीटरांची. टाइमआउट उपकरणाच्या प्रत्यक्ष उत्तरवेळेच्या दुप्पट-तिप्पट ठेवावा आणि उत्तर न देणाऱ्या उपकरणाला काही काळ बाजूला काढण्याची सोय ड्रायव्हरमध्ये असेल तर ती चालू करावी.

मध्ये इथरनेट गेटवे (सीरियल लाइन नेटवर्कला जोडणारा डबा) असेल तर तो मॉडबस टीसीपी (मॉडबसचे नेटवर्कवरचे रूप) बोलतो, की आरटीयूच्या (मॉडबसच्या सीरियल रूपाच्या) फ्रेम जशाच्या तशा पुढे ढकलतो, हे आधी विचारून घ्यावे. पहिल्या प्रकारात पोर्ट ५०२ आणि टीसीपीचा ड्रायव्हर लागतो, दुसऱ्यात आरटीयूचाच ड्रायव्हर इथरनेटवरून चालवावा लागतो.

अनेक सर्व्हरमध्ये नवा होल्डिंग रजिस्टरचा टॅग वाचता-लिहिता येण्याजोगाच तयार होतो. एनर्जी मीटरचे सीटी रेशोचे (करंट ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तराचे) रजिस्टर अशा टॅगवर असेल आणि स्काडावरून कुणी त्यात चुकून आकडा टाकला, तर त्यानंतरची सगळी युनिट चुकीची मोजली जातात आणि ‘गुड’ तरीही हलत नाही. लिहायची गरज नसलेला प्रत्येक टॅग त्यामुळे ‘रीड ओन्ली’ करावा. वेर्णा येथील औषधनिर्मिती कारखान्यांत असा बदल चेंज कंट्रोलची (बदल तपासून नोंदवण्याच्या ठरलेल्या प्रक्रियेची) मंजुरी घेऊनच करावा लागतो, म्हणून ही यादी कारखाना चालू होण्याआधीच तयार ठेवावी.