पायथॉनमधून इलास्टिकसर्च जोडणे : मराठी शोध कुठे फसतो आणि तो कसा सावरायचा

बेळगाव परिसरातील वाचनालयांच्या ग्रंथयाद्या आणि येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुद्रेमानी येथील साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांची सूची शोधण्याजोगी करून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. त्यासाठी मी इलास्टिकसर्च हे मजकूर शोधून देणारे सर्व्हर सॉफ्टवेअर पायथॉनमधून वापरतो. या विषयावर मिळणारे बहुतेक मार्गदर्शन जोडणी कशी करावी यावर पाने खर्च करते आणि मजकूर मराठी असल्यास काय करावे यावर एका ओळीत ‘हिंदीचा ॲनालायझर वापरा’ (ॲनालायझर म्हणजे मजकूर शोधासाठी तयार करणारा भाग) असे सांगून मोकळे होते. तो सल्ला चुकीचा आहे. त्याने माझे बरेच दिवस वाया गेले, म्हणून या लेखात जोडणीला थोडी जागा आणि मराठी शब्दांना बरीच जागा दिली आहे. सर्व्हर चालू आहे, पायथॉन येते आणि नोंदी एखाद्या तक्त्यात तयार आहेत, असे गृहीत धरतो.

जोडणी

क्लायंट, म्हणजे पायथॉनमधून सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी, बसवताना तिची मुख्य आवृत्ती सर्व्हरच्या मुख्य आवृत्तीशी जुळवून घ्यावी. सर्व्हर ८ असेल तर क्लायंटही ८ चाच हवा, कारण ९ चा क्लायंट ८ च्या सर्व्हरकडे गेला तर सर्व्हर ती विनंती पहिल्याच क्षणी, ४०० क्रमांकाची चूक देऊन, परत पाठवतो आणि नवशिका माणूस पासवर्ड तपासत बसतो. ओपनसर्च, म्हणजे इलास्टिकसर्चपासून फुटून निघालेले सॉफ्टवेअर, वापरत असाल तर त्याचा वेगळा क्लायंट घ्यावा. इलास्टिकसर्चचा अधिकृत क्लायंट समोर कोणते उत्पादन आहे हे तपासतो आणि ओपनसर्चशी बोलण्यास नकार देतो.

आवृत्ती ८ पासून सुरक्षा मुळातच चालू असते. म्हणून क्लायंटला ९२०० या पोर्टचा एचटीटीपीएस पत्ता, बसवताना तयार झालेले सीए प्रमाणपत्र आणि एक एपीआय की अशा तीन गोष्टी द्याव्यात. प्रमाणपत्राची तपासणी बंद करून ‘चालले एकदाचे’ म्हणणारे उतारे कृपया वापरू नयेत. क्लायंटची वस्तू एकदाच तयार करून सगळ्या प्रोग्राममध्ये तीच वापरावी, कारण तिच्याजवळ जोडण्यांचा साठा असतो आणि प्रत्येक विनंतीला नवी वस्तू बनवली तर तो साठा निरुपयोगी होतो.

मराठी शब्द

खरे काम इथे सुरू होते. इलास्टिकसर्च मजकूर जसाच्या तसा शोधत नाही. ॲनालायझर मजकुराचे शब्द पाडतो, त्यांना एक ठरावीक रूप देतो, आणि शोधणाऱ्याचा प्रश्नही त्याच वाटेने जाऊन त्या रूपांशी ताडला जातो. दोन्ही बाजूंची रूपे एक झाली नाहीत तर नोंद असूनही सापडत नाही, आणि व्हायला नको तिथे एक झाली तर भलतीच नोंद समोर येते. हिंदीसाठी तयार ॲनालायझर इलास्टिकसर्चमध्ये आहे, मराठीसाठी नाही.

हिंदीचा ॲनालायझर मराठीला का चालत नाही, हे नेमके सांगतो. त्याच्या वगळायच्या शब्दांच्या यादीत ‘घर’ आणि ‘कर’ आहेत. त्यामुळे ज्याच्या नावात ‘घर’ आहे असे पुस्तक त्या शब्दाने कधीच सापडणार नाही. त्याचा स्टेमर, म्हणजे शब्दाचे शेपूट छाटून मूळ रूप काढू पाहणारा भाग, शब्दाच्या शेवटचे काना, वेलांटी, मात्रा कापतो, म्हणून पाट, पाटी आणि पाटा हे तीन वेगळे शब्द त्याच्या लेखी एकच होतात. शिवाय तो हलन्त चिन्ह पुसून टाकतो आणि ‘ऱ’ चा ‘र’ करतो. या शेवटच्या गोष्टीनेच मला सर्वांत जास्त सतावले.

एका सूचीत खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानावरचा लेख होता आणि गोव्याच्या किनाऱ्यावरचेही काही लेख होते. ‘दऱ्या’ हा शब्द टाकला की समुद्रावरचे लेख वर येत, कारण ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचे साठवले गेलेले रूप एकच झाले होते. मी हिंदीचा ॲनालायझर काढला, साधा स्टँडर्ड ॲनालायझर लावला, तर भीमगडचा लेख अजिबात सापडेना, आणि तोच शब्द पडद्यावर अक्षरन्‌अक्षर बरोबर दिसत होता. नंतर मी आयसीयू हे युनिकोड सांभाळणारे प्लगइन बसवले, त्याचा नॉर्मलायझर, म्हणजे अक्षरांना एकसारखे रूप देणारा भाग, जोडला, आणि समुद्र पुन्हा वर आला.

कारण समजायला मला फार वेळ लागला. ‘दऱ्या’ मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे ‘या’ असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे झिरो विड्थ जॉइनर हे चिन्ह, आणि मग ‘या’. दोन्ही रूपे युनिकोडला मान्य आहेत, पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात, आणि टंकलेखकाने कोणता कळफलक वापरला यावर फाइलमध्ये कोणते रूप उतरते ते ठरते. स्टँडर्ड ॲनालायझर दोन्हींना वेगळे शब्द मानतो, म्हणून लेख सापडत नव्हता. आयसीयूचा नॉर्मलायझर मूळच्या मांडणीत न दिसणारी चिन्हे काढून टाकतो, त्यामुळे दुसऱ्या प्रकारची ‘दऱ्या’ थेट ‘दर्या’ होते. युनिकोडचे नेहमीचे एनएफसी नॉर्मलायझेशनही इथे कामाचे नाही. ते ‘र’ आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ करते, पण जॉइनर असलेल्या रूपाला हात लावत नाही.

यावर उपाय एकच आहे, आणि तो सर्वांत आधी लागू झाला पाहिजे. मॅपिंग प्रकारचा कॅरॅक्टर फिल्टर लिहून ‘र, हलन्त, जॉइनर’ या तीन चिन्हांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ही दोन चिन्हे येतील असे करावे. कॅरॅक्टर फिल्टर शब्द पाडण्याच्या आधी चालतात, म्हणून पुढचा कोणताही फिल्टर जॉइनर पुसो, अर्थ टिकतो. नियमात जॉइनर थेट टंकू नये, त्याचा युनिकोड क्रमांक लिहावा. न दिसणारे चिन्ह कॉपी करताना गळाले तर नियम दिसायला बरोबर आणि कामाला शून्य होतो. शेतकऱ्यांचा, दुसऱ्या, किनाऱ्यावर, आचाऱ्यांना असे शब्द मराठीत पदोपदी येतात, त्यामुळे हा नियम वगळून केलेली मराठी सूची भरवशाची नसते.

त्याच फिल्टरमध्ये आणखी थोडे नियम घालावेत. ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ मधले पहिले अक्षर वेगवेगळे साठवले जाते. ‘ॲ’ ला स्वतंत्र क्रमांक मिळण्याआधीचा मजकूर ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिलेला असतो आणि काही ठिकाणी हिंदी वळणाचे ‘ऍ’ ही असते. तिन्हींचे ‘ॲ’ करावे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या कार्डांवर ‘बेळगांव’, ‘नांव’ असे अनुस्वार भेटतात, त्यांच्यासाठी ‘ांव’ चे ‘ाव’ करावे. सगळे अनुस्वार सरसकट काढू नयेत. देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अंक एक होण्यासाठी ‘डेसिमल डिजिट’ हा टोकन फिल्टर, म्हणजे पाडलेल्या शब्दांवर चालणारा फिल्टर, आहे, तो लावावा, म्हणजे १९५६ कसेही टंकले तरी सापडते.

मग विभक्तीचा प्रश्न येतो. वाचक ‘खानापूर’ टंकतो आणि लेखात ‘खानापुरात’, ‘खानापूरचा’, ‘खानापूरहून’ असते. रेग्युलर एक्स्प्रेशनने प्रत्यय कापू नयेत, हे माझे ठाम मत आहे, कारण ‘ात’ कापणारा नियम ‘गुजरात’ आणि ‘प्रभात’ यांनाही कापतो. मी प्रत्येक मजकुरासाठी दोन फील्ड ठेवतो. पहिले काटेकोर असते, त्यात फक्त वर सांगितलेले नियम लागतात. दुसरे सैल असते. त्यात दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतात, कारण सामान्यरूपात खानापूरचा ‘पू’ ‘पु’ होतो आणि हा बदल न सांभाळल्यास सुरुवातीची अक्षरे जुळत नाहीत. त्यानंतर एज एनग्रॅम फिल्टर शब्दाचे सुरुवातीचे तुकडे पाडून साठवतो. हा फिल्टर साठवतानाच लावावा. शोधताना त्याच फील्डसाठी तो नसलेला, पण ऱ्हस्व करणारा ॲनालायझर द्यावा, नाहीतर ‘खान’ ने सुरू होणारे सगळे जग उत्तरात येते. तुकड्यांची किमान लांबी तीन ठेवावी, कमाल वीस पुरते, आणि मूळ शब्दही जपण्याचा पर्याय चालू करावा, कारण मूळ मांडणीत कमाल लांबीपेक्षा मोठा शब्द पूर्ण रूपात साठवलाच जात नाही. उलट दिशेचा, म्हणजे ‘खानापुरात’ टंकून ‘खानापूर’ मिळवण्याचा, शोध यात होत नाही. सूचीच्या वापरात लोक बहुधा मूळ नावच टंकतात, म्हणून मी ही मर्यादा पत्करली आहे.

सीमाभागात गावांची नावे हा स्वतंत्र विषय आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, विजयपुरा, हुब्बळ्ळी ही नावे आली, आणि जुन्या मराठी मजकुरात बेळगाव, विजापूर, हुबळी आहेत. दोन्ही बाजूंच्या वाचकाला नोंद मिळालीच पाहिजे. त्यासाठी समानार्थी शब्दांची यादी शोधण्याच्या बाजूच्या ॲनालायझरमध्ये, बाकीच्या फिल्टरांच्या नंतर ठेवावी. ती साठवण्याच्या बाजूला ठेवली तर यादीत एक नाव वाढवताना सगळी सूची पुन्हा भरावी लागते.

हे सर्व लिहून झाल्यावर एकही नोंद भरण्याआधी क्लायंटमधील ॲनालाइझ ही विनंती वापरून प्रत्येक शब्दाचे साठवले जाणारे रूप डोळ्यांनी पाहावे. माझ्याजवळ चाळीसेक शब्दांची यादी आहे, त्यात दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना, घर, पाट, पाटी, ॲकॅडमी, चोर्ला, खानापुरात हे शब्द असतातच, आणि ‘दऱ्या’ दोन्ही प्रकारांनी टंकलेला असतो. शंका आली तर पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने शब्दातील एकेका चिन्हाचे नाव छापून पाहावे.

भरणा आणि शोध

नोंदी क्लायंटमधील बल्क हेल्परने, म्हणजे अनेक नोंदी एकत्र पाठवणाऱ्या सोयीने, भराव्यात. तो मूळच्या मांडणीत पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने पाठवतो आणि तेवढे पुरेसे असते. नोंदीचा आयडी म्हणून पुस्तकाचा दाखल क्रमांक द्यावा, म्हणजे प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला तरी पुस्तके दुप्पट होत नाहीत. भरणा संपल्यावर लगेच तपासायचे असेल तर रीफ्रेश मागावे, म्हणजे नव्या नोंदी शोधात दिसू लागतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधील मजकूर युनिकोड नसतो, तो आधी रूपांतरित करावा.

शोधासाठी मल्टी मॅच, म्हणजे एकाच वेळी अनेक फील्डमध्ये शोधणारी, क्वेरी पुरते. काटेकोर फील्डला सैल फील्डच्या तिप्पट वजन द्यावे आणि सगळे शब्द जुळलेच पाहिजेत अशी अट घालावी.

साठवण्याच्या बाजूचा ॲनालायझर बदलला तर आधी साठवलेल्या नोंदी आपोआप बदलत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोग्रामने इंडेक्सचे (नोंदींच्या साठ्याचे) खरे नाव न वापरता एलियास, म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारे टोपणनाव, वापरावे. नियमात बदल करायचा झाला की नव्या नावाचा इंडेक्स तयार करावा, त्यात सगळ्या नोंदी भराव्यात, चाचणीच्या शब्दांची यादी त्याच्यावर चालवावी, आणि सगळे शब्द बरोबर निघाल्यावरच एलियास नव्याकडे वळवावे. जुना इंडेक्स मी आठवडाभर तरी पुसत नाही.